ओळख आणि वशिला

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार होतो, टक्केवारी वाचली जाते, टाळ्या होतात. त्यानंतर पालक आम्हा शिक्षकांना एकच प्रश्न विचारतात, "सर, आता याला कुठे घालायचे?" प्रश्न योग्यच आहे. परंतु आज मला त्याच्या पुढच्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे. तुमचा मुलगा किंवा मुलगी शिकून संशोधनाच्या क्षेत्रात, विशेषतः आरोग्याच्या संशोधनात शिरली, तर पहिल्या पाच-सात वर्षांत ती कोणाला ओळखते आणि तिला कोण ओळखते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. या गोष्टीचे शिक्षण ना आपल्या शाळेत मिळते, ना घरात.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. आपल्या समाजातील मुले आता केवळ डॉक्टर आणि शिक्षक होत नाहीत. कोणी सूक्ष्मजीवशास्त्र घेते, कोणी परिचर्या, कोणी औषधनिर्माण, कोणी संख्याशास्त्र. २०२० च्या कोरोना साथीत आपण सर्वांनी पाहिले की साथीचा रोग एका देशापुरता राहत नाही. सर्व देशांतील, त्यातही गरीब देशांतील माणसांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या अभ्यासास जागतिक आरोग्य म्हणतात. त्यात डॉक्टर लागतात तसेच आकडे जुळविणारे, घरोघर जाऊन बोलणारे आणि प्रयोगशाळेत बसणारेही लागतात. म्हणजे आपल्या मुलांना तेथे जागा आहे. प्रश्न आहे तो तेथील दार ओळखण्याचा.

आता एक गोष्ट आठवून पाहा. आपल्या कोकणातला मुलगा आखातात निघाला की काय होते? पासपोर्ट हातात येण्यापूर्वीच त्याच्या खिशात चार पत्ते असतात. कुवेतला अमक्याचा मेहुणा आहे, बहारीनला तमक्याचे चाचा आहेत. त्याही पूर्वी, मुंबईला जहाजावर नोकरी शोधावयास जाणाऱ्यांना गावच्या जमातीच्या खोलीचा आधार असे. नवख्या माणसाने कोणाकडे उतरावे, कोणाला सलाम सांगावा, कोणापासून सावध राहावे, हे सारे त्याला घरातून कळत असे. ही विद्या आपल्याला कोणी शिकविली नाही, तरी ती आपल्याला उत्तम येते.

मग संशोधनाकडे जाणाऱ्या मुलाच्या खिशात आपण एकही पत्ता का घालीत नाही? कारण आपल्याजवळ तो नसतो. ज्या घरातले वडील प्राध्यापक आणि मामा शास्त्रज्ञ असतात, तेथील मुलाला जेवणाच्या ताटावर जे कळते, ते आपल्या मुलाला तिशीत कळते. यात अन्याय आहे, हे मी मान्य करतो. परंतु अन्याय आहे म्हणून स्वस्थ बसणे आपल्याला परवडणारे नाही.

'ओळख' म्हटले की आपल्याला 'वशिला' आठवतो, आणि प्रामाणिक पालक कानाला हात लावतात. ते म्हणतात, "आमच्या मुलाला गुणांवर मिळेल ते मिळो." पालकहो, तुमची भावना नेक आहे, परंतु या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नसलेली पात्रता आहे असे भासविण्यासाठी वशिला लागतो. ओळख लागते ती असलेले काम योग्य माणसापर्यंत पोहोचावे आणि त्याचे ज्ञान आपल्यापर्यंत यावे म्हणून. हा फरक नुसत्या उपदेशाने पटणार नाही. म्हणून एक खरी हकीकत सांगतो. ती ढाका आणि कलकत्त्याची आहे आणि तिच्यातील बहुतेक माणसे त्या वेळी तरुण होती.

कॉलऱ्याचा रोगी जंतूने मरतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो अंगातील पाणी आणि क्षार वाहून गेल्याने मरतो. शिरेतून सलाईन दिले तर तो वाचतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. परंतु सलाईनच्या बाटल्या, सुया आणि शिकलेली माणसे पूर्व बंगालच्या खेड्यापाड्यांत कोठून आणावयाची? नुसते पाणी पाजून उपयोग नव्हता, कारण आतडे ते धरून ठेवीत नसे.

१९६० च्या ऑगस्ट महिन्यात प्राग शहरात भरलेल्या एका परिसंवादात रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने एक विचार मांडला. साखर आणि मिठातील सोडियम आतड्याच्या भिंतीतून एकमेकांच्या सोबतीने आत शिरतात, असा तो विचार होता. त्याच वर्षी ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. म्हणजे कुलूप ढाक्यात होते आणि किल्ली प्रागमध्ये. किल्ली कुलपाला लागावयास सात-आठ वर्षे गेली. शरीरक्रियेचा अभ्यास करणारे एका खोलीत बोलत होते, रोग्याजवळ उभे राहणारे दुसऱ्या खोलीत. मधल्या काळात किती माणसे दगावली असतील, याचा विचार करा. ओळख नसण्याची किंमत अशी असते, आणि ती बहुधा संशोधकाला नव्हे, रोग्याला मोजावी लागते.

प्रयोगशाळेचे प्रमुख रॉबर्ट फिलिप्स अनुभवी होते. तथापि फिलिपाईन्समध्ये पूर्वी अशाच एका चाचणीत काही रोगी दगावल्यामुळे ते फार सावध झाले होते. नॉर्बर्ट हर्शहॉर्न या तरुण डॉक्टराने ढाक्यात थोड्या रोग्यांवर, मोठ्या काळजीने, साखर-मिठाचे पाणी नळीने पोटात देऊन ते शोषले जाते हे दाखविले. त्यानंतर डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश आले. दोघेही सव्वीस-सत्तावीस वर्षांचे. चितगावकडील एका चाचणीत ही पद्धत फसली होती, तेथे त्यांना पाठविण्यात आले. रोग्याच्या अंगातून जेवढे पाणी जाते, तेवढेच मोजून परत पाजले पाहिजे आणि तसे घडत नाही, हे तेथे नॅलिन यांच्या ध्यानात आले. ढाक्यास परतल्यावर त्यांनी मोजून मापून चाचणी घेतली. त्यांच्याबरोबर रफीकुल इस्लाम आणि मजीद मोल्ला हे बंगाली सहकारी होते. १९६८ च्या ऑगस्टमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २९ रोग्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शिरेतून द्यावयाच्या सलाईनची गरज त्यामुळे सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली होती. निबंधावर दोन तरुण अमेरिकन, दोन बंगाली आणि प्रमुख फिलिप्स अशी पाच जणांची नावे आहेत. हे मुद्दाम सांगतो. कारण तेव्हाही आणि आजही, पुष्कळदा स्थानिक माणसाने घाम गाळावा आणि नाव परक्याचे छापले जावे, असे होत आले आहे.

इकडे कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधन केंद्र होते. तेथेही त्याच सुमारास याच प्रश्नावर काम चालू होते. त्या केंद्रात डॉ. दिलीप महालनबीस होते. १९७१ मध्ये बांगलादेशाचे युद्ध झाले आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगावला छावण्यांत कॉलरा फैलावला. महालनबीस तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. इस्पितळाच्या दोन खोल्या, मोजक्या खाटा, जमिनीवर रोगी आणि सलाईन संपलेले. त्यांनी साखर-मिठाच्या पाण्याचा निर्णय घेतला. एका लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्याच्या केंद्रात पुड्या तयार होऊन बनगावला येऊ लागल्या. एका लिटरला खर्च सुमारे ११ पैसे. परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाणी पाजले. छावण्यांत शंभरातील वीस-तीस रोगी मरत होते. महालनबीसांच्या देखरेखीखाली ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले.

एवढे होऊनही हा उपाय बनगावातच राहिला असता. महालनबीसांचे निष्कर्ष सविस्तर छापून येण्यास १९७३ साल उजाडले. परंतु त्यापूर्वीच जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. धीमान बरुआ बनगावला आले होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी हे काम पाहिले आणि पुढे संघटनेत त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसार नियंत्रणाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी 'लॅन्सेट'ने संपादकीय लिहून या उपायाची गणना शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली.

आणखी एक पायरी राहिली होती. बांगलादेशात फझले हसन आबेद यांच्या 'ब्रॅक' संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघर जाऊन आयांना हे पाणी करावयास शिकविले. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. एक कोटीहून अधिक घरे झाली. शिकविणाऱ्या खेड्यातल्याच स्त्रिया होत्या. आईने किती लक्षात ठेवले ते नंतर तपासून त्यांचा मोबदला ठरे. आरंभी फार थोड्या घरांत हे पाणी वापरले गेले, तेव्हा कारण शोधण्यात आले. एक तर पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. मग बाजारात, शाळांत आणि मशिदींत जाऊन पुरुषांशी बोलणे सुरू झाले. या कामात ढाक्याचे जुने रिचर्ड कॅश सल्लागार होते, आणि १९७७ मध्ये संख्याशास्त्राचा तरुण पदवीधर म्हणून ब्रॅकमध्ये आलेले मुश्ताक चौधुरी अभ्यास करीत होते. या दोघांनी मिळून १९९६ मध्ये या मोहिमेवर पुस्तक लिहिले. महालनबीसही पुढे ढाक्याच्या त्याच संशोधन संस्थेत काम करावयास गेले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

मित्रांनो, या हकीकतीत कोणी कोणाचा भाचा नव्हता. नोकरीसाठी कोणी चिठ्ठी दिली नाही. तरीही ओळखीवाचून ही साखळी कोठेतरी तुटली असती. आणि ओळखी कशा झाल्या? एकत्र काम केल्याने, एकमेकांचे निबंध वाचल्याने, फसलेला प्रयोग लपवून न ठेवल्याने आणि आलेल्या पाहुण्याला आपले काम मोकळेपणे दाखविल्याने. तिशीच्या आत जमलेल्या या ओळखी पुढे तीस-तीस वर्षे टिकल्या.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्राकडे पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्याआधी ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याजवळ शिकत होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी त्याच विद्यापीठात टेलर यांच्याजवळ शिक्षण घेतले आणि नंतर ते गडचिरोलीला गेले. गावातल्या बाईला शिकवून नवजात बालके घरच्या घरी कशी वाचविता येतात, याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत भारत सरकारने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा कार्यक्रम हाती घेतला. गुरू एकच, विद्यापीठही एकच, आणि काम जामखेडच्या व गडचिरोलीच्या मातीत. चांगली ओळख माणसाला आपल्या गावापासून तोडत नाही, हेही यातून दिसते.

आपल्या परंपरेलाही ही गोष्ट नवी नाही. हदीस गोळा करणारे इमाम बुखारी यांनी ज्ञानासाठी मक्का-मदीना, इराक, शाम, मिसर असा प्रवास केला, हे आपण मदरशात ऐकतो. प्रत्येक रिवायतीबरोबर ती कोणी कोणाकडून ऐकली, त्याची नावानिशी साखळी सांगावयाची, हा त्या विद्येचा नियम. तिलाच आपण सनद म्हणतो. जेथून मिळाले त्याचे नाव घ्यावयाचे आणि मधला माणूस गाळावयाचा नाही. विज्ञानातील ओळखीचा पाया याहून वेगळा नाही.

आता विद्यार्थ्यांसाठी काही प्रत्यक्ष सूचना.

पहिली सूचना पत्राविषयी. एखाद्या संशोधकाचे काम आवडले तर त्याला लिहा. परंतु "मला आपल्याकडे काम द्या" असे पहिल्याच पत्रात लिहू नका. त्याचा निबंध नीट वाचा, न कळलेला एक नेमका प्रश्न विचारा, स्वतः काय शिकता ते दोन ओळींत सांगा आणि थांबा. असे आठ-दहा ओळींचे पत्र कोणीही मोठा माणूस वाचतो. दहांपैकी सातांचे उत्तर आले नाही तरी मनाला लावून घेऊ नका. आलेल्या उत्तराचे आभार माना आणि त्या सल्ल्याचे पुढे काय केले ते काही महिन्यांनी आठवणीने कळवा. बहुतेक मुले येथेच चुकतात. काम झाले की पत्र बंद करतात, आणि मग ओळखीचाही वशिला होतो.

दुसरी सूचना परिषदेची. परिषदेला गेलात की केवळ व्यासपीठावरच्या मोठ्या नावांमागे धावू नका. तुमच्या शेजारी बसलेला, तुमच्यासारखाच बावरलेला आसामचा किंवा केनियाचा विद्यार्थी अधिक महत्त्वाचा आहे. वीस वर्षांनी तोच कोठेतरी प्रमुख असेल आणि तुम्हीही. गरीब देशांतील तरुण संशोधकांना बोलावयास आणि लिहावयास शिकविणारे 'इमर्जिंग व्हॉइसेस फॉर ग्लोबल हेल्थ' यासारखे उपक्रम २०१० पासून आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था या आपल्याच राज्यात आहेत. तेथील व्याख्यानांस जावयास व्हिसा लागत नाही.

तिसरी सूचना नावाची. आपल्यात शेख, खान, पठाण, सय्यद ही नावे किती आहेत ते पाहा. त्यात मोहम्मद हे नाव कोणी एक प्रकारे लिहितो, कोणी चार प्रकारे. निबंध तुमचा आणि श्रेय भलत्याच शेखाला, असे होऊ शकते. म्हणून पहिल्या निबंधापूर्वीच आपल्या नावाचे एकच स्पेलिंग ठरवा आणि ते शाळेच्या दाखल्यापासून सर्वत्र तेच ठेवा. त्याचप्रमाणे 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक घ्या. २०१२ पासून तो संशोधकांना विनामूल्य मिळतो आणि जन्मभर तुमच्या कामाला चिकटून राहतो.

चौथी सूचना सावधगिरीची. पैसे भरा आणि आठ दिवसांत निबंध छापून घ्या, अशी आमंत्रणे तुम्हाला येतील. परदेशातील भव्य परिषदेत तुम्ही प्रमुख वक्ते, अशी पत्रेही येतील. गोड भाषेला भुलू नका, आधी आपल्या शिक्षकांना दाखवा. तसेच कोणाच्या हाताखाली काम घेताना निबंधावर कोणाचे नाव कोठे येईल हे आरंभीच, अदबीने, परंतु स्पष्ट विचारा. अदब म्हणजे मुकेपणा नव्हे.

आता पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, दोन शब्द. वर्गात पहिली येणारी मुलगी पदवीनंतर दिसेनाशी होते, हे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पाहतो. तिला दोन महिन्यांच्या प्रकल्पासाठी पुण्याला पाठवावयाचे म्हटले की घरात शांतता पसरते. तुमची काळजी खोटी नाही. परंतु काळजीचे उत्तर नकार हे एकच नाही. तिच्याबरोबर एकदा स्वतः जा. वसतिगृह पाहा, तिच्या मार्गदर्शकांना भेटा, त्यांच्याशी बोला. बांगलादेशात घरोघर फिरून लेकरे वाचविणाऱ्या त्या स्त्रियाही कोणाच्या मुली आणि सुना होत्या. तेथेही काम तेव्हाच वाढले, जेव्हा पुरुषांना विश्वासात घेतले गेले. आपल्या घरातला पुरुष विश्वासात यावयास तयार आहे का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. आपल्या शाळेतून गेलेले विद्यार्थी आज कोठे कोठे आहेत, याची एक वही ठेवावी. प्रयोगशाळेत, इस्पितळात, विद्यापीठात, औषधांच्या कारखान्यात, देशात आणि परदेशात. नाव, विषय, गाव, आणि नव्या विद्यार्थ्याला महिन्यातून अर्धा तास देण्याची तयारी आहे का, एवढेच त्यात लिहावे. ज्यांची तयारी असेल त्यांचेच पत्ते त्यांच्या परवानगीने द्यावेत. या कामाला इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. मुंबईच्या जमातीच्या खोलीने आपल्या आजोबांना जे दिले, ते ही वही आपल्या नातवंडांना देईल. या कामासाठी रविवारची एक सकाळ देण्यास मी तयार आहे. माझे सहकारीही मागे राहणार नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, वही होईल तेव्हा होईल. तुम्ही मात्र या आठवड्यात एक निबंध वाचा आणि एक पत्र लिहा. ते इंग्रजीतून लिहावयास संकोच वाटत असेल तर माझ्याकडे घेऊन या, आपण मिळून लिहू.